एप्सम मीठ बादलीत किती घालावे आणि त्याने नेमके काय होते?

उंबरठा, पुणे

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत २२ वर्षे शिकवत आहे. दिवसातले पाच-सहा तास उभ्याने जात असल्यामुळे संध्याकाळी घरी पोचेपर्यंत पोटऱ्या आणि टाचा इतक्या दुखतात की स्वयंपाकघरातसुद्धा स्टूल घेऊन बसावे लागते. गेल्या महिन्यात न्यू जर्सीहून आलेल्या नणंदेने एप्सम सॉल्टची दोन मोठी पाकिटे आणली. पाकिटावर लिहिले आहे की दोन कप मीठ बाथटबमधल्या कोमट पाण्यात विरघळवावे आणि त्यात पंधरा-वीस मिनिटे बसावे. आमच्या न्हाणीघरात बाथटब सोडाच, दोन बादल्या शेजारीशेजारी ठेवल्या तर दार उघडत नाही. म्हणून मी अर्ध्या बादलीत दोन कप मीठ घालून त्यात पाय बुडवून बसले. त्या रात्री झोप उत्तम लागली आणि सकाळी पाय हलके वाटले. मात्र तिसऱ्या दिवशी नडग्यांची त्वचा कोरडी पडून खाज सुटली, तेव्हा मी तो प्रकार थांबवला.

आता माझ्या सासूबाईंनाही हे करून पाहायचे आहे. त्यांचे वय ७१ आहे, दोन्ही गुडघे दुखतात आणि मधुमेह १६ वर्षांपासून आहे. त्या या मिठाला विलायती मीठ म्हणतात, कारण त्यांच्या लहानपणी त्यांचे वडील पोट साफ होण्यासाठी ते पाण्यातून घेत असत. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने त्यांना सांगितले आहे की यातले मॅग्नेशियम त्वचेतून आत जाते आणि थेट सांध्यापर्यंत पोचते.

माझे प्रश्न असे आहेत. बादलीसाठी योग्य प्रमाण किती? मॅग्नेशियम खरोखर त्वचेतून आत जाते का? सासूबाईंनी हे करावे का? आणि या खटपटीपेक्षा त्यांना वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर नेलेले अधिक चांगले का? उत्तरासोबत कारणही दिलेत तर फार बरे होईल, कारण घरी मला ते पुढे समजावून सांगावे लागणार आहे.

रसायनी, डोंबिवली

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे आधी हिशेबाकडे वळतो, कारण आपल्या खाजेचे निम्मे उत्तर तिथेच सापडण्याची शक्यता आहे.

दोन कप एप्सम मीठ म्हणजे साधारण ५०० ग्रॅम. बाथटबमध्ये सुमारे १५० लिटर पाणी मावते असे धरले, तर त्या पाण्यातील मिठाचे प्रमाण एक टक्क्याच्या एक तृतीयांश होते. आपल्या अर्ध्या बादलीत आठ लिटर पाणी असेल, तर तेच ५०० ग्रॅम मीठ सहा टक्क्यांहून अधिक झाले, म्हणजे पाकिटावर अपेक्षित असलेल्या प्रमाणाच्या जवळजवळ १९ पट. समुद्राच्या पाण्यात सर्व क्षार मिळून साडेतीन टक्के असतात, हे लक्षात घेतले म्हणजे आपण पाय कशात बुडवले होते याची कल्पना येईल. टबाचेच प्रमाण बादलीत उतरवायचे असेल तर आठ लिटरला २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे जेवणातले दोन मोठे चमचे पुरतात.

तरीही सगळा दोष मिठाच्या मात्रेला देणे योग्य होणार नाही. जर्मनीतील कील येथे त्वचारोगतज्ज्ञांनी केलेला एक प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात कोरड्या, इसबाकडे झुकणाऱ्या त्वचेच्या लोकांनी एक हात मृत समुद्राच्या मिठाच्या पाच टक्के द्रावणात आणि दुसरा हात नळाच्या साध्या पाण्यात प्रत्येकी पंधरा मिनिटे बुडवला. हा क्रम काही आठवडे चालल्यावर मिठाच्या पाण्यातल्या हाताची त्वचा सुधारली होती. मात्र मृत समुद्राच्या मिठात मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइड असते, तर एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. दोन्ही पदार्थांच्या नावात मॅग्नेशियम असले तरी एकाच्या प्रयोगाचे श्रेय दुसऱ्याच्या पाकिटावर छापता येत नाही, आणि बाजारात नेमके तेच चालते. आपल्या बाबतीत पाणी बरेच गरम असावे, सलग तीन दिवस पाय बुडवले गेले असावेत आणि नंतर ते साध्या पाण्याने न धुता तसेच वाळू दिले असावेत, असा माझा अंदाज आहे. पाणी उडून गेले की क्षार त्वचेवर बसून राहतो.

आता त्वचेतून आत जाण्याविषयी. एप्सम मिठाच्या स्फटिकात वजनाने निम्म्याहून थोडे अधिक पाणीच असते आणि मॅग्नेशियम जेमतेम दहा टक्के. ते पाण्यात विरघळले की मॅग्नेशियमचा आयन आपल्याभोवती पाण्याचे सहा रेणू घट्ट धरून ठेवतो. असा विद्युतभारित आणि फुगलेला कण त्वचेच्या बाहेरच्या मृत पेशींच्या स्निग्ध थरातून सहज पार होत नाही, किंबहुना असल्या पदार्थांना बाहेर रोखून धरणे हेच त्या थराचे काम आहे. आंतरजालावर बर्मिंगहॅम विद्यापीठातील ज्या पाहणीचा हवाला सर्वत्र दिला जातो, ती अवघ्या १९ जणांवरची होती आणि तज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या कोणत्याही नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली नाही. ती वाचकांपर्यंत पोचली ती एप्सम मीठ विकणाऱ्यांच्या संघटनेमार्फत. २०१७ साली न्यूट्रिएंट्स या नियतकालिकात या विषयावरील सर्व उपलब्ध अभ्यासांचा आढावा आला आणि त्वचेतून मॅग्नेशियम पुरवण्याच्या दाव्याला शास्त्रीय आधार नाही, असा निष्कर्ष त्यात स्पष्टपणे मांडलेला आहे.

मग आपल्याला झोप चांगली का लागली? ऊन पाण्यामुळे. झोपण्याच्या एक-दोन तास आधी ४० ते ४२.५ अंश सेल्सिअसच्या पाण्याने निदान दहा मिनिटे अंघोळ केली किंवा पाय शेकले, तर झोप सरासरी दहा मिनिटे लवकर लागते, असे २०१९ साली टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी अनेक प्रयोगांची एकत्र छाननी करून दाखवले. हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीराच्या आतली उष्णता त्यांतून बाहेर पडते आणि आतले तापमान उतरू लागले की झोप येते. या साखळीत मिठाला कुठेही जागा नाही.

जाता जाता एक सूचना. मॅग्नेशियममुळे पाणी जड होते. त्या पाण्यात साबण लावाल तर फेस येणार नाही आणि बादलीच्या कडेला पांढरट साका धरेल. साबण लावायचाच असेल तर आधी साध्या पाण्याने लावून धुऊन घ्यावा.

टेकडी, पुणे

रसायनी यांच्या हिशेबाबद्दल आदर आहे, परंतु अनुभव काही वेगळे सांगतो. मी गेली सहा वर्षे अर्धमॅरेथॉन धावत आहे आणि लांब धाव झाल्यावर एप्समच्या पाण्यात पाय ठेवले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंब मारतात. आमच्या गटातले बहुतेक सर्व जण हेच सांगतील. इतक्या लोकांना फरक पडतो म्हणजे काहीतरी आत जातच असणार, हे मान्य करायला काय हरकत आहे?

कक्ष परिचारिका, निवृत्त, मिरज

उंबरठाताई, मी ३१ वर्षे रुग्णालयात काढली आणि त्यातली निम्मी प्रसूती कक्षात. ज्याला तुम्ही सगळे अंघोळीचे मीठ म्हणत आहात, त्याला आम्ही मॅगसल्फ म्हणतो, आणि त्या कक्षात ते औषध हातात घेताना नव्या मुलींचे हात थरथरतात. गरोदर बाईचा रक्तदाब वाढून झटके येऊ लागले किंवा येण्याचा धोका दिसला की हेच मॅग्नेशियम सल्फेट इंजेक्शनने देतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ३३ देशांतल्या सुमारे दहा हजार स्त्रिया होत्या आणि या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आला, त्यामुळे त्याच्या गुणाबद्दल माझ्या मनात शंका नाही.

परंतु ते देण्याची रीत ऐका. सुरुवातीची मात्रा शिरेतून चार ग्रॅम आणि दोन्ही कुल्ल्यांत मिळून दहा ग्रॅम, म्हणजे एकूण चौदा ग्रॅम. त्यानंतर दर चार तासांनी पाच ग्रॅम, आणि तीही प्रत्येक वेळी तीन गोष्टी तपासल्याशिवाय द्यायची नाही. गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडतो का, श्वास पुरेसे चालू आहेत का, आणि लघवी होते आहे का. रक्तातले मॅग्नेशियम वाढले की आधी गुडघ्याचा झटका नाहीसा होतो आणि त्यानंतर श्वास मंदावतो. म्हणून उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचे इंजेक्शन उशाशी तयार ठेवलेले असते.

आता टेकडी यांच्या प्रश्नाकडे येते. टबात ५०० ग्रॅम मीठ असते. त्यातले शेकडा तीन भाग जरी कातडीतून आत गेले, तरी पंधरा ग्रॅम झाले, म्हणजे आमच्या पहिल्या पूर्ण मात्रेपेक्षाही अधिक. तसे होत असते, तर दर रविवारी धावून आलेले तुमचे सगळे मित्र टबातून उठून थेट आमच्या कक्षात दाखल झाले असते. ते होत नाहीत, याचाच अर्थ कातडी आपले काम चोख करते आहे. सलाइन लावून हात सुजला तर आम्ही मॅगसल्फ आणि ग्लिसरीनची पट्टी ठेवत असू. तिथेही औषध आत जाण्याची अपेक्षा नसते, उलट सुजेतले पाणी बाहेर ओढले जावे, अशी कल्पना त्यामागे असते.

सासूबाईंच्या बाबतीत मात्र मी हिशेब करत बसणार नाही. त्यांचे पाय बादलीत बुडवू नका. मीठ घालूनही नको आणि न घालताही नको. सोळा वर्षांच्या मधुमेहात पायांच्या नसा बऱ्याचदा बधिर झालेल्या असतात आणि सर्वांत वाईट गोष्ट अशी की ज्याला बधिरता आलेली असते त्याला ती जाणवत नाही. आमच्याकडे एक आजोबा आले होते. थंडीत पाय गार पडतात म्हणून सुनेने प्रेमाने गरम पाणी दिले, आजोबांनी त्यात पाय ठेवून अर्धा तास वर्तमानपत्र वाचले आणि पाणी छान कोमट आहे असेच सांगितले. दुसऱ्या दिवशी तळपायावर फोड आले, ते चिघळले आणि दीड महिन्यानंतर दोन बोटे काढावी लागली. त्या सुनेचा चेहरा मला अजून आठवतो. तिने काही चूक केली असे तिला कोणी म्हटले नव्हते, पण ती स्वतःच रोज म्हणत होती.

म्हणून आज रात्रीच एक काम करा. सासूबाईंना खुर्चीवर बसवा आणि त्यांचे तळपाय दिव्याखाली नीट बघा, टाचांच्या भेगा, बोटांच्या बेचक्या आणि नखांच्या कडासुद्धा. त्यांना स्वतःला रोज पाहता यावे म्हणून एक हातआरसा त्यांच्याजवळ ठेवा. डॉक्टरांकडे नायलॉनच्या बारीक तारेने तळपायाची जाणीव तपासण्याची पाच मिनिटांची चाचणी असते, ती करून घ्या. पाय धुण्याचे पाणी दुसऱ्या कोणीतरी कोपर बुडवून पाहावे, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात आणि तेल किंवा मलम लावायचे तर ते बेचक्यांत लावू नये, कारण तिथे ओल राहिली की बुरशी धरते.

आणि त्यांच्या वडिलांसारखे हे मीठ पोटात घेण्याचा विचार त्यांच्या मनात येऊ देऊ नका. शरीरातले जादा मॅग्नेशियम मूत्रपिंडे बाहेर टाकतात, आणि इतक्या वर्षांच्या मधुमेहानंतर मूत्रपिंडे पूर्वीसारखी असतीलच असे नाही. तोंडावाटे घेतलेले मॅग्नेशियम मात्र खरोखर आत जाते.

आगराकडचा, उरण

मिठाच्या पाण्याने त्वचा मऊ होते, पाय मोकळे होतात, असे जाहिरातीत वाचले की मला माझे आजोबा आठवतात. आमचे घराणे मिठागरातले. पावसाळा संपला की कोंडी बांधून खाडीचे पाणी आत घ्यायचे, एका खणातून दुसऱ्या खणात खेळवत ते दाट करत न्यायचे आणि उन्हाळ्यात मीठ ओढायचे, यात त्यांची चाळीस वर्षे गेली. जगात मिठाच्या पाण्यात सर्वांत जास्त वेळ पाय बुडवून बसणाऱ्यांत त्यांची गणना व्हायला हवी होती. त्यांच्या टाचांना अशा भेगा होत्या की त्यांत रुपयाचे नाणे उभे राहिले असते, आणि नडगीवर छोटी जखम झाली तरी ती संपूर्ण हंगामभर भरत नसे. रात्री आजी कोकमाचे भिरंडेल दिव्यावर वितळवून त्या भेगांत भरायची. तो वास म्हणजे माझे बालपण आहे.

मीठ जमून गेल्यावर खणात जे पाणी उरते ते कडूजहर असते, आणि तो कडवटपणा मॅग्नेशियमचाच. आमच्याकडे ते पाणी पुन्हा खाडीत सोडून देत. परवा एका मोठ्या दुकानात अंघोळीसाठी म्हणून लहानशा बाटलीत जवळपास तेच द्रव विकायला ठेवलेले पाहिले आणि किंमत वाचून बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

गुलाबी मिठाबद्दलही एक सांगतो, कारण पुढचा प्रश्न बहुधा तोच येईल. ते पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतले सैंधव आहे. त्यात शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भाग साधे सोडियम क्लोराइडच असते आणि गुलाबी रंग लोहाच्या संयुगांमुळे येतो. जेवणात आवडत असेल तर अवश्य वापरा. पाय शेकायचे असतील तर आमच्या आगराचे खडे मीठ मूठभर घाला, आणि तेही नसेल तर नुसते पाणी घ्या.

द्राक्षबाग, निफाड

चर्चा वाचून एक शंका आली. आमच्या शेडमध्ये मॅग्नेशियम सल्फेटची २५ किलोची गोणी कायम असते. पोत्यावर मॅग्नेशियम ९.६ टक्के असे छापलेले आहे, म्हणजे रसायनी यांनी सांगितलेल्या आकड्याच्या अगदी जवळ. ती गोणी या परदेशी पाकिटांच्या मानाने मातीमोल भावात मिळते. पदार्थ एकच असेल, तर दिवसभर छाटणी करून आल्यावर आम्ही हेच बादलीत टाकावे का?

रसायनी, डोंबिवली

रेणू तोच आहे, यात शंका नाही. परंतु खताच्या प्रतीत तपासणी होते ती पिकाच्या दृष्टीने. त्यात न विरघळणारी माती किती चालते आणि जड धातू किती चालतात, याच्या मर्यादा जमिनीसाठी ठरवलेल्या असतात. कामाने खरचटलेल्या, चिरलेल्या हातापायांसाठी त्या ठरवलेल्या नाहीत. मिठाचा उपयोगच मुळात शंकास्पद असताना त्यासाठी तेवढाही धोका पत्करण्यात अर्थ दिसत नाही. नुसते ऊन पाणी वापरा.

टेकडी यांना एक विनंती आहे. आपल्या अनुभवावर अविश्वास दाखवण्याचा माझा हेतू नाही. आराम खरा असतो, प्रश्न फक्त त्याच्या कारणाचा आहे. घरातील कोणाला तरी दररोज नाणे उडवायला सांगा. छापा आला तर त्यांनी पाण्यात मीठ विरघळवावे, काटा आला तर तसेच पाणी द्यावे, आणि काय केले ते आपल्याला न सांगता कागदावर लिहून ठेवावे. पाण्याची उष्णता दोन्ही वेळा तीच हवी. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण आपला अंदाज लिहावा. दहा-बारा वेळा असे झाल्यावर दोन्ही कागद शेजारी ठेवले की आपल्याला माझ्या उत्तराची गरज उरणार नाही.

वैद्य, नाशिक

आयुर्वेदात घाम आणणाऱ्या उपचारांना स्वेदन म्हणतात. ऊन द्रवात बसण्याला अवगाह आणि ऊन द्रवाची धार सोडण्याला परिषेक असे शब्द आहेत आणि हे दोन्ही प्रकार चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात येतात. त्याच अध्यायात ज्यांना स्वेदन देऊ नये त्यांची यादी आहे आणि तिच्यात गर्भिणीसोबत मधुमेहीचाही स्पष्ट उल्लेख आहे. परिचारिकाताईंनी कक्षात जे पाहिले, ते ग्रंथकारांनीही आपल्या पद्धतीने पाहिले असावे, असे मला नेहमी वाटते. त्यामुळे उंबरठाताईंच्या सासूबाईंना पूर्ण अवगाह नकोच. गुडघ्याला हलके तीळतेल लावून, घरातील दुसऱ्या व्यक्तीने कोपराने तपासलेल्या कोमट पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल पाच-सात मिनिटे गुडघ्यावर ठेवावा, आणि तोही गुडघ्यावरच्या त्वचेला ऊन-गार नीट कळते आहे याची डॉक्टरांकडून खात्री करून घेतल्यानंतरच. ताईंना स्वतःला मात्र परिषेक करायला काहीच अडचण नाही. बादली आणि तांब्या यांपलीकडे त्याला काही लागत नाही, आणि बाथटब नसल्याची खंत करण्याचेही कारण उरत नाही.

तानसाकाठ, वसई

वज्रेश्वरीबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. कुंडे प्रत्यक्षात वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी या परिसरात तानसा नदीच्या काठाने विखुरलेली आहेत. इथे ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी खडकांतल्या भेगांमधून खूप खोल उतरते, तिथे तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. पश्चिम किनाऱ्याला समांतर असे अनेक झरे आहेत, महाडजवळ सव, दापोलीकडे उन्हवरे, संगमेश्वराच्या बाजूला आरवली आणि तुरळ-राजवाडी. या प्रवासात पाणी खडकातले क्षार बरोबर आणते, त्यात सोडियम, कॅल्शियम आणि क्लोराइड मुख्य असतात. काही ठिकाणी गंधकाचा वास येतो आणि भाविक मंडळी त्यालाच औषध समजतात.

गुडघ्यांसारख्या सांध्यांच्या झिजेवर खनिज पाण्यातील स्नानाचा उपयोग होतो का, याचा वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेने २००७ साली आढावा घेतला होता. काहीच उपचार न घेणाऱ्यांच्या तुलनेत थोडा फायदा दिसला, परंतु मूळ चाचण्या लहान आणि कच्च्या होत्या, त्यामुळे आढावा घेणाऱ्यांनीही सांभाळूनच लिहिले आहे. सहलीची मोकळी हवा, विश्रांती आणि ऊन पाणी यांतले कोणाचे किती, हे त्या चाचण्यांतून वेगळे काढणे कठीणच.

व्यावहारिक गोष्टी अशा. प्रत्येक कुंडाचे पाणी सारखे गरम नसते, काहींत पाय ठेवताक्षणी मागे घ्यावा लागतो. पायऱ्यांवर शेवाळ असते आणि ७१ वर्षांच्या माणसासाठी तो गुडघ्यांपेक्षा मोठा धोका आहे. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत शेकडो माणसे त्याच पाण्यात उतरून गेलेली असतात, म्हणून पायाला भेग किंवा जखम असणाऱ्याने तिथे उतरूच नये. सासूबाईंना घेऊन यायचे असेल तर जरूर या. वसईच्या विजयानंतर नवस फेडण्यासाठी चिमाजी अप्पांच्या काळात उभारलेले देवीचे देऊळ पाहण्यासारखे आहे, फक्त तिथेही बऱ्याच पायऱ्या आहेत, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

उंबरठा, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण मधल्या काळात बरेच काही झाले.

परिचारिकाताईंनी लिहिले त्याच रात्री सासूबाईंचे पाय पाहिले. उजव्या टाचेला खोल भेग होती आणि तिच्या तळाशी वाळलेले रक्त दिसत होते. त्यांना विचारले तर त्या म्हणाल्या, "मला तर काही दुखत नाही गं." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेले. तारेच्या चाचणीत दोन्ही तळपायांवर काही ठिकाणी त्यांना स्पर्शच कळला नाही. आता रोज मलमपट्टी चालू आहे, घरातही मऊ चप्पल घालायला सुरुवात झाली आहे आणि मूत्रपिंडाच्या तपासणीसाठी रक्त दिले आहे. गुडघ्यांवरच्या जाणिवेबद्दलही विचारले. ती व्यवस्थित आहे असे डॉक्टरांनी सांगितल्यावर वैद्यांनी सुचवलेला टॉवेल सुरू केला आणि तो त्यांना आवडला आहे. वज्रेश्वरीचा बेत भेग भरेपर्यंत पुढे ढकलला आहे.

नाण्याचा प्रयोग मी स्वतःवर केला. आठ लिटर पाण्यात दोन चमचे मीठ, कधी आहे कधी नाही, आणि कागद यजमानांच्या खिशात. पाणी चाखून पाहण्याचा मोह दोनदा आवरला. बारा वेळांपैकी माझा अंदाज पाच वेळा बरोबर आला. पाय मात्र बाराही वेळा हलके झाले आणि झोपही चांगली लागली. नडगीची खाज पूर्ण थांबली आहे, बहुधा पाय नंतर साध्या पाण्याने धुऊन थोडे खोबरेल लावते म्हणून.

आता दीड पाकीट शिल्लक आहे आणि नणंदेला फेकून दिले असे सांगता येणार नाही. द्राक्षबाग यांना विचारते, आमच्या गच्चीवरच्या गुलाबांना हे चालेल का? पाने पिवळी पडत आहेत.

द्राक्षबाग, निफाड

पिवळी पडणारी पाने कोणती आहेत ते आधी पाहा. खालची जुनी पाने असतील, आणि शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडत असेल, तर मॅग्नेशियम कमी पडले असण्याची शक्यता आहे. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा पाहा. वरची कोवळी पाने पिवळी पडत असतील, तर कारण दुसरे आहे, तेव्हा हे मीठ घालू नका. कुंडीत पाणी साचते आहे का, तेही बघा. पुण्यातल्या गच्चीवरच्या कुंड्यांचे निम्मे दुखणे तेच असते.